घिरटी

स्टँडवर त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. शिट्टीकाका म्हटलं की चहाच्या टपरीवाल्यापासून स्थानकप्रमुखापर्यंत सगळ्यांना कळायचं. गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी, छातीवर वॉकीटॉकी आणि पँटची इस्त्री अशी, की घडीवर बोट ठेवायची भीती वाटावी. गार्डांचे मुकादम होते ते. म्हणजे पगार जवळपास गार्डाचाच, पण ओरडायचा अधिकार जास्त. तो मात्र ते अगदी मनापासून वापरत.

या माणसानं स्टँडला एक शब्द दिला होता. घिरटी. वॉकीवर हळू आवाजात बोलायचा. ‘चार नंबरला एक घिरटी’ एवढं कानावर पडलं की गार्ड काय ते समजायचा. तिकीट नाही, सामान नाही, कुणाला सोडायला आलेला नाही, कुणाला न्यायला आलेला नाही आणि तरी फलाटावर फिरतोय, असा माणूस. घिरटी बाई असो की बुवा, वॉकीवर ती ‘ती’च. एकदा एका मिशीवाल्या पैलवानाबद्दल ‘ती माझ्यावर धावून आली’ असं वॉकीवर ऐकून कंट्रोल रूममधला माणूस चहा सांडेपर्यंत हसला होता.

नवा गार्ड आला की काका त्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजत आणि शिकवायला घेत. हा त्यांचा आवडता तास. आवाज चढायचा, हातवारे व्हायचे.

“हे बघ, फिरणारे सगळे सारखे नसतात. उंडारतात ती पोरं. त्यांना एक दम भरला की पळाली. भटकतात ते हौशी, त्यांच्या पाठीवर पिशवी असते, खिशात तिकीट असतं, त्यांच्या वाटेला जायचं नाही. रेंगाळतात ती जोडपी. तिकडं बघायचंच नाही, आपल्याला काय करायचंय? येरझाऱ्या घालतो तो वाट बघणारा. त्याचं माणूस यायचं असतं, जीव टांगणीला असतो, त्याच्याशी नीट बोलायचं. आता या सगळ्यांतून जो उरला, ती घिरटी.”

“पण काका, ओळखायची कशी?”

“पाय बघ. कामाचा माणूस आधी बघतो, मग वळतो. घिरटी आधी वळते, मग बघते.”

हे त्यांचं स्वतःचं संशोधन होतं आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. घिरटीला आधी समजूत, मग फाटक, हा नियम. आणि तासाच्या शेवटी एक गोष्ट ते न चुकता सांगायचे, बोट नाचवत. “फिरणाऱ्याच्या हातात तिकीट निघालं तर मात्र ती घिरटी नव्हे. तो चुकलेला प्रवासी. तो काय वाटेल ते बडबडेल, मी चुकलो नाही म्हणेल, माझं माणूस इथं आहे म्हणेल. ऐकत बसायचं नाही आणि आवाजही चढवायचा नाही. हात धरायचा, गाडीत बसवायचं, कंडक्टरला सांगायचं. आपल्या घरचं माणूस असल्यासारखं.”

शब्द मोठा सोयीचा होता. एखाद्याला माणूस म्हणून बाहेर काढायचं तर जीभ अडखळते. घिरटी म्हटलं की काम पटकन होतं. काकांनी तर झाडूवाल्या बाईची तापानं फणफणलेली मुलगीसुद्धा बाकावरून उठवली होती. कर्मचाऱ्यांची घरची माणसं स्टँडवर बसवायची नाहीत, असा नियम होता. “नियम तो नियम, मावशी,” असं ते म्हणाले होते. झाडूवाली त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांच्या पायाखालची फरशी मात्र जरा जास्तच जोरात झाडायची.

घरी काका कुणावर ओरडत नसत. तिथं ते छोट्या होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आतल्या खोलीत ताईची कॉट, बाहेर त्यांची सतरंजी. आईवडील लवकर गेले तेव्हा छोट्या पाटीवर अक्षरं गिरवत होता आणि ताईनं शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात काजबटणाचं मशीन धरलं होतं. तिला बघायला आलेल्या मंडळींना ती चहा द्यायच्या आधीच विचारायची, “छोट्याला बरोबर आणला तर चालेल ना?” मंडळी चहा पिऊन जायची, पुन्हा कुणी फिरकायचं नाही. पुढं काकांचंही लग्न राहूनच गेलं. दोघांनी कधी त्याची हळहळ केली नाही.

ताईची पाळी शाळेच्या आधी सुटायची. मग घंटा होईपर्यंत ती शाळेच्या कुंपणाला चकरा मारत बसायची. एका जागी उभी राहिली तर तिला झोप यायची म्हणून. शाळेच्या शिपायानं एकदा तिला हटकलं होतं, “ए बाई, काय काम आहे? सारखी काय फिरतेस?” छोट्यानं वर्गाच्या खिडकीतून ते ऐकलं होतं आणि त्याला तिची लाज वाटली होती.

आता ताईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी गॅस चालू राहिला. मग चहात मीठ पडलं, त्यावर दोघं पोट धरून हसली. मग एक दिवस काका कामावरून आले तर दार सताड उघडं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना ती बाजारात सापडली होती, दुकानदारांना विचारत होती, “छोट्या सुटला का? घंटा झाली का?” त्यानंतर ती रोजच निघायला लागली. पायाला नुसती भिंगरी. काकांनी बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. ती दिवसभर दार बडवायची. वहिनींनी शेवटी जिन्यात गाठून सुनावलं, “भाऊजी, आत माणूस ठेवलंय तुम्ही, सामान नाही.”

काकांनी कुलूप काढलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार, एकटं सोडू नका. एकटं सोडू नका हे सांगायला डॉक्टरांचं काय जातं! काका म्हाताऱ्या माणसांचं एक घर बघून आले. तिथं दुपारच्या वेळी सगळ्यांचे हात पलंगाला फडक्यानं बांधले होते. ‘पडू नयेत म्हणून,’ तिथली बाई म्हणाली. काका तसेच जिना उतरून खाली आले. नोकरी सोडावी तर खायचं काय? वहिनी दोन-चार दिवस बसल्या, पण त्यांच्या घरातही लहान मूल होतं.

मग त्यांना युक्ती सुचली. साधी आणि त्यांच्याच डोक्यातून निघावी अशी. तिकीट असलेल्या माणसाला स्टँडवरून कुणी उठवत नाही. पुलापलीकडच्या थांब्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त, त्या बाजूच्या गाड्या दिवसभर सुटत राहतात आणि ते तिकीट दिवसभर चालतं. सकाळी ते तिकीट काढायचं, ताईच्या मुठीत द्यायचं, पाच नंबरच्या बाकावर तिला बसवायचं आणि दिवसभर येता-जाता डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. नियमात बसत होतं. म्हणजे अर्ध्या नियमात. दुसरा अर्धा झाडूवालीच्या मुलीच्या वेळचा होता आणि तो उघड झाला तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

म्हणून पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर त्यांनी ताईला समजावलं. “कुणी विचारलं तर हे तिकीट दाखवायचं. गाडी यायचीय म्हणायचं. आणि ताई, मला हाक मारायची नाही. मी समोरून गेलो तरी नाही. इथं आपण ओळखीचे नाही.”

“का रे?”

“नोकरी जाईल माझी.”

“बरं बाबा,” ताई म्हणाली. “नाही मारत हाक.”

ती प्रवाशांच्या फाटकातून आत गेली, काका कर्मचाऱ्यांच्या फाटकातून. आणि ताईनं शब्द पाळला की! पहिले काही दिवस ते जवळून गेले की तिच्या ओठांचे कोपरे हलायचे. मग तेही थांबलं. काका दर फेरीला मुद्दाम पाच नंबरवरून जात, शिट्टीला हात लावत, तेवढीच त्यांची खूण. ताई त्यांच्याकडं अशी बघायची, जसं परक्या शिपायाकडं बघतात. कधी कधी तर अंग चोरून घ्यायची. काय बेमालूम नाटक करते ही, असं वाटून काकांना कौतुकाचं हसू यायचं. घरी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, बनियनवर तिच्या पुढ्यात बसले की ते म्हणत, “ताई, आज तर कमालच केलीस.” ती हसायची. कशाबद्दल हसतोय ते तिला बहुतेक कळत नसावं. पण छोट्या हसतोय म्हटल्यावर ती हसायचीच.

ते दिवस काकांना बरे गेले. गाड्यांची ये-जा बघत ताई बाकावर बसून राहायची. डबा बाकाच्या टोकाला ठेवायचा, ती खाते का ते खांबाआडून बघायचं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिवात जीव आला होता. हे असंच चालेल असं त्यांना वाटू लागलं होतं.

त्या सकाळी बाहेरच्या फाटकात एक गाडी बंद पडली. मागं गाड्यांची रांग, हॉर्नचा कहर, दोन ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर. ताई बाकावर बसली एवढं बघून काका तसेच फाटकाकडं धावले आणि तिथंच अडकले. एक दोनदा त्यांनी पाच नंबरच्या दिशेनं बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये गाड्यांची भिंत होती. तेवढ्यात छातीवरची वॉकी खरखरली. नवी गार्ड बोलत होती. त्याच आठवड्यात लागलेली, काकांचा तास मन लावून ऐकलेली मुलगी.

“काका, दोन नंबरला एक आजी आहेत. गोल गोल फिरतायत. मला घिरटीच वाटली, पण हातात तिकीट आहे.”

काकांना क्षणभर ताई आठवली. पण ताई पाच नंबरला होती आणि ताई बाकावरून उठत नसे. आज्यांना तर स्टँडवर तोटा नव्हता. समोरचा ड्रायव्हर दुसऱ्याची कॉलर धरत होता.

“तिकीट आहे ना? मग चुकलेला प्रवासी. विचारतेस काय? हात धर, बसवून दे, कंडक्टरला सांग.”

“बसवते, काका.”

“शाबास,” काका म्हणाले.

थोड्या वेळानं पुलाकडं जाणारी गाडी फाटकाशी आली. काकांनी शिट्टी मारली, दोन रिक्षा मागं ढकलल्या, हात उंच करून वाट मोकळी करून दिली. त्यांनी खिडक्यांकडं पाहिलं नाही. गाडी काढताना ते चाकांकडं बघायचे, सगळेच बघतात.

बंद गाडी हलली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. काका पाच नंबरला आले. बाकाच्या टोकाला डबा होता, न उघडलेला. ताई नव्हती.

त्या वेळी त्यांनी वॉकीचं बटण दाबायला हवं होतं. दाबलं नाही. काय सांगणार? माझी बहीण हरवली म्हणणार? मग ती इथं कशी आली, रोज कशी येते, सगळंच निघालं असतं. ते शौचालयाशी गेले, चौकशीच्या खिडकीमागं गेले, पार्सलच्या खोलीत डोकावले. चेहरा नेहमीचा ठेवून, गस्त घातल्यासारखे. तीन-तीनदा त्याच फलाटांवरून गेले. आधी वळत होते, मग बघत होते.

“काका, काय शोधताय?” नव्या गार्डनं शेवटी विचारलं.

“एक बाई. निळा स्वेटर. केस पांढरे.”

“त्या आजी? त्यांना मी सकाळीच बसवून दिलं ना!” तिचा चेहरा खुलला. “तुम्हालाच तर विचारलं होतं. कुणा छोट्याला शोधत होत्या. शाळा सुटली, छोट्या दिसला का, सगळ्यांना तेच. मी म्हटलं, आजी, तुमचं तिकीट पुलापलीकडचं आहे, छोट्या तिकडंच असेल. तर माझा हात असा घट्ट धरला म्हणून सांगू! लहान मुलासारख्या आल्या बरोबर.”

काकांनी फाटकाकडं पाहिलं.

“मी म्हटलं होतं त्यांना, फाटकावर आमचे काका आहेत, हवं तर त्यांना विचारू. तुम्हाला लांबून दाखवलंसुद्धा. तर म्हणाल्या, नको नको, तो शिपाई नको. रोज माझ्याकडं बघत जातो. त्याची भीती वाटते मला.”

काका बाकावर बसले. ड्युटीवर असताना ते बाकावर बसलेले स्टँडनं पहिल्यांदाच पाहिले. किती दिवस? किती दिवस तिनं त्यांना ओळखलं नव्हतं? आणि ते घरी जाऊन तिला शाबासकी देत होते.

“काका, कोण होत्या त्या?”

“ताई,” ते म्हणाले. “माझी ताई.”

मग सगळे धावले. कंडक्टर भला माणूस होता. तिकिटावरचं ठिकाण आलं तेव्हा त्यानं गाडी नीट कडेला घेऊन, हाताला धरून आजींना उतरवलं होतं. पुलापलीकडं थांबा म्हणजे पत्र्याची एक शेड, समोर मोठं गोदाम आणि मागं कच्चा रस्ता, तो कुठं जातो ते गोदामवाल्यांनाही धड सांगता येईना. गोदामाच्या कॅमेऱ्यात ती दिसली. शेडभोवती तिनं चकरा मारल्या होत्या, घंटा व्हायची वाट बघत असल्यासारख्या. मग ती कच्च्या रस्त्याला लागली. त्यापुढं कॅमेरा नव्हता. पोलीस आले, गार्ड आले, पाळी संपल्यावर झाडूवालीसुद्धा आपल्या मोठ्या झालेल्या मुलीला घेऊन आली आणि काट्याकुट्यांत हाका मारत फिरली. काय हाक मारायची हेही लोकांना कळेना. काकांनी सांगितलं, “छोट्या आला, असं ओरडा.” सगळे तसं ओरडत राहिले.

ताई सापडली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही.

स्थानकप्रमुखांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली असती तर काकांना बरं वाटलं असतं. पण साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. “आधी बोलायचं होतं हो,” ते म्हणाले. “आपल्या विश्रांतीच्या खोलीत बसवलं असतं तिला. कोण नाही म्हणालं असतं?” काकांना हे शब्द तोंडात मारल्यासारखे लागले. इतके दिवस ज्या भीतीनं त्यांनी ताईला परकी केली, ती भीती नुसती त्यांच्याच डोक्यात होती.

नवी गार्ड पार्सलच्या खोलीमागं रडत होती. काका तिच्याजवळ गेले. “माझं काय चुकलं, काका?” तिनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

“काही नाही,” काका म्हणाले. “शिकवलं तसंच केलंस तू.”

त्यानंतर स्टँडवर घिरटी हा शब्द कुणी उच्चारेना. ‘चार नंबरला एक माणूस’ असं म्हणू लागले. काही फरक पडला नाही. वॉकी वाजली की काका जिथं असतील तिथून धावत सुटत, गर्दीतून वाट काढत जात आणि त्या माणसाचा चेहरा बघत. मग काही न बोलता परत फिरत. फाटकाकडं न्यायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागायचं. वरून आलेल्या एका अधिकाऱ्यानं त्यांच्या तत्परतेचं कौतुक केलं.

सुट्टीच्या दिवशी ते पुलापलीकडचं जाण्या-येण्याचं तिकीट काढतात. इस्त्रीचा गणवेश घालत नाहीत, न जाणो ती घाबरेल. साध्या शर्टात शेडला चकरा मारतात, कच्च्या रस्त्यानं थोडं आत जातात, परत येतात. सुरुवातीला ते लोकांना विचारायचे. आता विचारायला काही उरलेलं नाही, नुसतं फिरतात. गोदामाचा जुना रखवालदार त्यांना ओळखायचा, चहा द्यायचा. पण तो काम सोडून गेला.

परवा तिथं नवा होता. काका शेडला वळसा घालून आले तेव्हा तो फाटकाशी उभा राहून मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, “एक म्हातारा आहे. कधीचा घिरट्या घालतोय.” काकांनी ते ऐकलं आणि ते चालतच राहिले. खोटं काय होतं त्यात?

रखवालदार जवळ आला. तरुण होता, चेहऱ्यानं चांगला. “काका, कुठं जायचंय? तिकीट आहे का?”

काकांनी खिशातून तिकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उन्हात धरून वाचलं.

“अहो, हे तर परतीचं, स्टँडचं आहे. उलट्या बाजूला उभं राहायला पाहिजे तुम्हाला. चुकलात तुम्ही.”

मी चुकलो नाही, माझं माणूस इथं आहे, असं काकांच्या जिभेवर आलं होतं. पण असं म्हणणाऱ्याचं ऐकत बसायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी तिकीट परत घेतलं. त्या मुलानं त्यांचा हात धरला, रस्ता ओलांडून दिला, येणाऱ्या गाडीला हात केला. हात गरम होता आणि त्यानं तो अगदी घट्ट धरला होता. ताई कुणा अनोळखी मुलीबरोबर लहान मुलासारखी का गेली, ते काकांना तिथं, रस्त्याच्या मधोमध कळलं. त्या स्टँडवर इतक्या दिवसांत तिचा हात कुणी धरलाच नव्हता.

“ह्यांना शेवटी उतरवा, स्टँडला,” रखवालदारानं कंडक्टरला सांगितलं. “जरा लक्ष ठेवा हं.”

काका खिडकीशी बसले. गाडी सुटली, शेड मागं पडली, मग गोदाम, मग तो कच्चा रस्ता. कंडक्टरनं तिकीट बघून परत दिलं आणि त्यांची मूठ त्यावर नीट मिटवून दिली.

“निवांत बसा, काका,” तो म्हणाला. “तुमचं ठिकाण आलं की मी सांगतो.”